शब्दचर्चा : ‘कर्व्ह करणे’, ‘रजिस्ट्रेशन’ आणि सिंगल काळा

प्रश्न : वर्तमानपत्रासाठी जाहिरात तयार केली. तिकडून निरोप आला, ‘फाइल कर्व्ह करून पाठवा, मजकुराचा काळा सिंगल ठेवा, रजिस्ट्रेशनचा काळा नको.’ कर्व्ह म्हणजे वळण, रजिस्ट्रेशन म्हणजे नोंदणी, एवढंच मला माहीत. इथे अर्थ काय घ्यायचा? मराठी शब्द आहेत का?

उत्तर : ‘कर्व्ह करणे’ म्हणजे अक्षरांचा फाँटशी संबंध तोडून त्यांची नुसती आकृती करणे. कोरलड्रॉ या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज’ या आज्ञेवरून डीटीपीवाल्यांनी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करणाऱ्यांनी, हे क्रियापद घडवलं. इलस्ट्रेटर या तशाच सॉफ्टवेअरवर काम करणारे ‘आउटलाइन करणे’ म्हणतात.

देवनागरीला याची गरज फार. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फाँट पुढच्या संगणकावर नसेल, तर ‘किंमत’ या शब्दाऐवजी निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटतात. युनिकोड असूनही सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी जमत नसेल, तर ‘कि’ची वेलांटी क सोडून पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. आकृती झालेल्या अक्षराला यातलं काहीच होत नाही.

आणखी एक : ‘रेषांकित करणे’ चालेल का?

उत्तर : नको. त्यातून रेघा मारल्याचा अर्थ निघतो. ‘अक्षरांची आकृती करा’ हे कुणालाही कळतं.

वेगळं मत : पीडीएफमध्ये फाँट एम्बेड केलेला, म्हणजे फाइलच्या आतच साठवलेला असेल, तर कर्व्ह कशाला? कर्व्ह केल्यावर फोन नंबरातला एक आकडासुद्धा टाइप करून बदलता येत नाही. म्हणून ‘ओपन फाइल’ जपून ठेवावी. ओपन म्हणजे उघडलेली नव्हे, जिच्यात मजकूर अजून दुरुस्त करता येतो ती.

उत्तर : मान्य. पण एम्बेड झालाय की नाही, हे पीडीएफच्या गुणधर्मांत जाऊन तपासाच.

आता काळा. ‘सिंगल काळा’ म्हणजे फक्त काळ्या शाईचा, 100 टक्के. दिसायला तसाच काळा रंगीत छपाईच्या चारही शाया (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) मिसळूनही होतो. पण त्यासाठी चार प्लेटांचे (प्रत्येक शाईची छपाईची वेगळी प्लेट असते) ठसे एकमेकांवर तंतोतंत बसावे लागतात. यंत्र वेगात असतं, पातळ कागद ओलाव्याने किंचित ताणला जातो, एखादी प्लेट केसभर सरकते आणि बारीक अक्षराला रंगीत कड येते. सिंगल काळ्याला हा धोकाच नाही. प्लेटा अशा बसण्यालाच ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात. ‘नोंदणी’ हा तिथे सपशेल चुकीचा शब्द आहे.

सुचवणी : मग ‘रंगजुळणी’?

उत्तर : त्याने नमुन्याशी रंगाची छटा जुळवणंही कळतं. ‘प्लेटजुळणी’ मला अधिक नेमका वाटतो. आणि ‘रजिस्ट्रेशनचा काळा’ म्हणजे चारही शाया प्रत्येकी 100 टक्के, एकूण 400. तो फक्त जुळणीच्या खुणांसाठी असतो. वर्तमानपत्री कागदाला साधारण 220 ते 240 टक्केच झेपतात. त्यापुढे शाई वाळत नाही, समोरच्या पानाला लागते.

प्रश्न : आणि ‘रिव्हर्स’? अक्षरं उलटी करायची का?

उत्तर : नाही, गडद रंगावरचा पांढरा मजकूर. चारी बाजूंची शाई त्या पांढऱ्यात पसरते. आधी अनुस्वार बुजतो, मग मात्रा. तिथे जाड फाँट घ्या, आकारही वाढवा.