नवीन गाणी, नवीन कलाकार कसे शोधता? मदत हवी आहे

मंडळी, मी सांगलीचा, कामाला रोज मिरजेला, त्यामुळं येता-जाता कानात इयरफोन असतोच. पण ॲप तेच तेच पुढं ढकलतंय, भाच्यानं एकदा माझ्या फोनवर डीजेची गाणी लावली आणि तेव्हापासून सगळी सजेशन्स तसलीच, डोकं उठलंय नुसतं.

मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना बघत उभं राहायचा नाद आहे, कारागीर घोडीवर (तारा टेकतात ती पट्टी) कानस फिरवतो, तारेखाली दोरा सरकवतो आणि सूर असा काय खुलतो की बास. त्यामुळं गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांचं किराणा घराणं हे भरपूर ऐकून झालंय.

मधे यूट्यूबवर आफ्रिकेतल्या माली देशाचा अली फारका तूरे सापडला, वाजवतो गिटारच पण चाल एकदम आपल्या मातीतली वाटते (मला तरी), लई आवडला. तसलं अजून कोण आहे? जॅझ कुठनं सुरू करू? मराठी रॅपमधे शिवीगाळ सोडून काही?

आणि एका कलाकारावरनं दुसऱ्याकडं जाता कसं, साथीदारांची नावं शोधून की परदेशी रेडिओ लावून? टॉप टेनच्या लिंका नकोत, स्वतः ऐकलेलंच सांगा की.