सीपीयू ८५ डिग्रीला जातोय, चालेल का?

वऱ्हाडी_पोरगा: नागपूरला आहे, आय५-१२४०० प्रोसेसर (सीपीयू), सोबत आलेलाच फॅन. नुसतं ब्राउझर उघडलं तरी ५० आणि व्हिडिओ रेंडर लावला की ८५ पर्यंत जातंय, जळणार तर नाही ना?

खटपट्या: जळत नाही हो. या चिपची लिमिट १०० आहे, तिथं पोचली की स्वतःच स्पीड कमी करते, तरीही वाढलं तर मशीन बंद होतं. नुसता आकडा बघू नका, खोलीचं तापमान वजा करा, मे महिन्यात खोलीच ४० ला असेल तर ५० म्हणजे फक्त १० वर, मस्तच आहे की.

सायली_के: रेंडर चालू असताना क्लॉक स्पीड (चिप किती वेगानं चालतेय ते) पण बघा, घसरत असेल तर थ्रॉटलिंग होतंय, म्हणजे चिप स्वतःच स्पीड कमी करतेय. आणि साइड पॅनल काढून एकदा टेस्ट करा, टेंपरेचर बरंच उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवाच खेळत नाहीये.

वऱ्हाडी_पोरगा: पॅनल काढल्यावर ७७! पुढच्या जाळीवर धुळीचा जाड थर निघाला.

खटपट्या: मग तेच. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जातं. आणि डेझर्ट कूलरची हवा थेट कॅबिनेटवर अजिबात नको, दमट असते.