आजोबांच्या ट्रंकेतील दोन घडीचे चाकू: ओळख, काळ आणि डागडुजी

कोरेगावचा नातू (प्रश्न)

नमस्कार. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. इटलीहून परतल्यावर त्यांनी अखेरपर्यंत गावी शेती केली. गेल्या महिन्यात घराची माळवदी खोली आवरताना त्यांची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा कपड्यांच्या तळाशी दोन घडीचे चाकू सापडले. मला ते विकायचे नाहीत. ते नेमके काय आहेत, कोणत्या काळातील आहेत आणि त्यांना इजा न करता स्वच्छ कसे करावे, एवढेच जाणून घ्यायचे आहे.

पहिला चाकू जड आणि ओबडधोबड आहे. बंद असताना त्याची लांबी पावणेचार इंच भरते. मूठ काळी असून तिच्यावर चौकटीचौकटीची खरबरीत नक्षी आहे. एका बाजूला बोथट टोकाचे, सरळ धारेचे पाते आणि डबा फोडण्याचे आखूड पाते आहे, तर पाठीवर जाड सुळ्यासारखे हत्यार दुमडून बसते. एका टोकाला तांब्याची कडी आहे. मोठ्या पात्याच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखी खूण दिसते, तिच्याखाली एक उभी रेघ आहे आणि शेजारी १९४ हे आकडे आहेत. चौथा आकडा गंजाखाली गेला आहे. कारखान्याचे नाव वाचता येत नाही.

दुसरा चाकू आजीच्या माहेरचा असल्याचे आत्या सांगते. आजीचे वडील शाळामास्तर होते आणि मुलांचे बोरू ते याच चाकूने तासून देत. हा चाकू जेमतेम तीन इंचांचा आहे, त्याला एक मोठे आणि एक छोटे पाते आहे आणि मूठ पिवळसर पांढरी आहे. मोठ्या पात्यावर मुकुट व त्याच्या दोन बाजूंना जी आणि आर ही इंग्रजी अक्षरे, त्याखाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स हे नाव आणि राजाचे कटलर (चाकू-सुऱ्या घडवणारे) असल्याचा उल्लेख आहे. छोट्या पात्यावर शेफिल्ड, इंग्लंड असे आहे. मूठ हस्तिदंती असून चाकू दीडशे वर्षांचा आहे, असे घरात सगळे मानतात. मात्र अलीकडे मुठीवर केसासारख्या भेगा पडल्या आहेत, आतले पितळ हिरवे झाले आहे आणि पाती मिटल्यावर मुठीत जातात नेमक्या तेवढ्याच भागावर गंज चढला आहे.

धाकट्या भावाचे म्हणणे आहे की दोन्ही चाकू बफिंगच्या दुकानात देऊन चकचकीत करून घ्यावेत. माझे मन तयार होत नाही, म्हणून इथे विचारतो आहे.

पोलादी पान

सर्वप्रथम भावाला थांबवा. बफिंगच्या चाकाखाली गंजाबरोबर पात्यावरील ठसेही जातात, आणि ठसे गेले की चाकूचा काळ सांगणारा एकमेव साक्षीदार जातो. शिवाय पातळ पाते चाकावर क्षणात तापते. कार्बन पोलादाचा रंग सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास गवती पिवळा होतो आणि तीनशेच्या सुमारास निळा पडतो. त्या निळ्या भागाचे पाणी, म्हणजे तापवून-विझवून दिलेला कडकपणा, उतरलेले असते, आणि पुन्हा पाणी दिल्याशिवाय त्याला टिकाऊ धार लागत नाही.

तुमचा पहिला चाकू म्हणजे ब्रिटिश लष्कराचा घडीचा चाकू, ज्याला शिपाई आणि संग्राहक दोघेही क्लास्प नाइफ म्हणत आले. पहिल्या महायुद्धात वापरला गेलेला, १९०५ साली मंजूर झालेल्या नमुन्याचा चाकू याहून बराच मोठा, बंद स्थितीत सुमारे पाच इंचांचा होता. दुसऱ्या महायुद्धात तो आखूड करण्यात आला, म्हणून तुमचे पावणेचार इंच हे मापच १९४ या आकड्यांना दुजोरा देते. बोथट टोकाच्या पात्याला इंग्रजीत मेंढीच्या खुराचे नाव आहे. दोर कापताना टोक घुसून इजा होऊ नये म्हणून हा आकार मूळचा जहाजावरचा, आणि पाठीवरचा सुळाही त्याच परंपरेतला. ओल्या दोराची घट्ट बसलेली गाठ सोडवण्यासाठी आणि दोराचे पेड उकलण्यासाठी तो वापरत. घोड्याच्या नालेतला खडा काढण्यासाठी तो होता, असे सर्रास सांगितले जाते; त्यावर विश्वास ठेवू नका. कडीत दोरी ओवून चाकू अंगावर बांधत असत.

आता त्या उभ्या रेघेकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. बाणाचे टोक ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची जुनी खूण आहे. तिच्याखालची रेघ म्हणजे ओरखडा नसून इंडिया या शब्दाचे इंग्रजी आद्याक्षर असण्याची दाट शक्यता आहे. बाण आणि त्याखाली ते अक्षर ही तत्कालीन हिंदुस्थान सरकारच्या लष्करी सामानाची खूण होती. अक्षराच्या वर व खाली लहान आडव्या रेघा दिसतात का ते भिंगातून पाहा. या खुणेवरून मालकी कळते, घडणीचे ठिकाण कळत नाही. ते कारखान्याच्या नावावरूनच ठरवावे लागेल.

पुसट ठसे वाचण्यासाठी घासू नका. खोलीत अंधार करा, विजेरी पात्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडा आणि विजेरी हळूहळू फिरवा. ठशाच्या कडांची सावली पडली की अक्षरे उठून दिसतात. तरीही जमले नाही तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवा, जसे लहानपणी नाण्यांचे छाप काढत होतो. गंज सैल करायचा असेल तर थोडे रॉकेल लावून रात्रभर ठेवा.

ताम्रपर्णी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त रॉकेलबाबत सावध करतो. दुसऱ्या युद्धातील अशा चाकूंची काळी चौकटीदार मूठ बहुतेक वेळा बेक्सॉइड नावाच्या प्लॅस्टिकची असते. ते सेल्युलोज अ‍ॅसिटेट आहे. अ‍ॅसिटोन किंवा थिनर लागला तर ते विरघळते, म्हणून कोणताही द्रव मुठीवर ओतू नये. काडीच्या टोकाने फक्त पोलादावर लावावा. मुठीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर प्लॅस्टिक कुजू लागले आहे असे समजा.

आता दुसऱ्या चाकूविषयी सविस्तर लिहितो. जोसेफ रॉजर्स हे शेफिल्डमधील फार मोठे नाव होते. १८२२ मध्ये त्यांना राजे चौथे जॉर्ज यांचे कटलर म्हणून नेमण्यात आले, आणि तेव्हापासून पात्यांवर मुकुट व राजाचे आद्याक्षर येऊ लागले. विल्यम यांच्या काळात डब्ल्यू, १८३७ ते १९०१ व्हिक्टोरिया राणीचा व्ही, त्यानंतर १९१० पर्यंत एडवर्ड यांचा ई, आणि पुढे पुन्हा जी. त्यामुळे जी आणि आर ही अक्षरे पाहिली की काळ एकदम निश्चित होत नाही. चाकू चौथ्या जॉर्ज यांच्या काळातला, म्हणजे १८३० पूर्वीचाही असू शकतो आणि पाचव्या किंवा सहाव्या जॉर्ज यांच्या काळातला, म्हणजे १९१० ते १९५२ मधलाही असू शकतो. दीडशे वर्षांचा मात्र तो असू शकत नाही, कारण तेव्हा गादीवर राणी होती आणि राजाचा कटलर असा उल्लेख येण्याचे कारणच नव्हते.

हा पेच तुमच्या छोट्या पात्यावरील इंग्लंड हा शब्द सोडवतो. १८९० मध्ये अमेरिकेने केलेल्या आयातकर कायद्यानुसार बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. शेफिल्डच्या पात्यांवर देशाचे नाव नियमितपणे दिसू लागते ते त्यानंतर. त्यापूर्वी शेफिल्ड एवढे नाव पुरेसे समजले जाई. म्हणून तुमचा चाकू १९१० नंतरचा मानावा. पाती गंजली आहेत, त्या अर्थी ती साध्या कार्बन पोलादाची आहेत. पण यावरून काळाची वरची मर्यादा ठरत नाही. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफिल्डमध्ये न गंजणारे पोलाद १९१३ मध्येच बनवले असले, तरी खिशातल्या चाकूंसाठी कार्बन पोलाद पुढेही अनेक वर्षे वापरात होते. आजीच्या वडिलांची नोकरीची वर्षे कळली तर ती या अंदाजाशी जुळवून पाहा.

मोठ्या पात्यावर तारा आणि माल्टीज क्रूस (बाहेरच्या बाजूला रुंद होत जाणाऱ्या चार भुजांचा क्रूस) ही दोन चिन्हे शोधा. ती रॉजर्स यांची नोंदणीकृत खूण होती. नावाची नक्कल इतकी होत असे की १८४० च्या दशकात ते भांडण न्यायालयात गेले. रॉजर्स या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले डी हे अक्षर गाळलेले असेल, तर तो चाकू या कारखान्याचा नाही.

मुठीबाबत थोडे वाईट वाटेल असे लिहावे लागत आहे. तुम्ही दिलेली लक्षणे हस्तिदंताची नाहीत. केसासारख्या भेगा, हिरवे पितळ आणि नेमका मुठीत लपणाऱ्या भागावरचा गंज, ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की सेल्युलॉइडचा संशय घ्यावा. हे सेल्युलोज नायट्रेटचे जुने प्लॅस्टिक असते. जुने झाले की त्यातून नायट्रोजन ऑक्साइडची आम्लधर्मी वाफ सुटते आणि मिटलेली पाती त्या वाफेतच पडून राहतात. खात्री करण्यासाठी मूठ अंगठ्याने जोरात चोळून लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर शंका उरत नाही, कारण सेल्युलॉइड बनवताना कापूर वापरतात. भिंगातून रेषाही पाहा. हस्तिदंताचे तंतू किंचित नागमोडी व असमान असतात आणि आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. नकली मुठीवरच्या रेषा वहीसारख्या सरळ आणि समान अंतराच्या असतात. हाडाच्या मुठीवर बारीक काळे ठिपके दिसतात. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका, कारण सेल्युलॉइड भडकन पेटते.

कोरेगावचा नातू

आपल्या दोघांच्या उत्तरांनी मी भारावून गेलो आहे. काल रात्री दिवे मालवून विजेरीने पाहिले. त्या रेघेच्या वर आणि खाली खरोखरच बारीक आडव्या रेघा आहेत. चौथा आकडा ३ आहे, असे मला आणि आत्याला दोघांनाही वाटले. पांढऱ्या मुठीला चोळल्यावर कापराचा वास स्पष्ट आला, आणि तारा व क्रूसही सापडले. आजीचे वडील १९२० च्या दशकात शाळेत लागले होते, असे आत्याला आठवते. आता पुढे काय करावे? लष्करी चाकूचे मोठे पाते थोडे हलते, तेही घट्ट करून घ्यावे का?

ताम्रपर्णी

सर्वप्रथम दोन्ही चाकू एकमेकांपासून दूर ठेवा. सेल्युलॉइडची वाफ शेजारच्या धातूलाही सोडत नाही. मास्तरांचा चाकू हवाबंद डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. वाफ बाहेर पडायला वाट हवी. आम्लरहित कागदात सैल गुंडाळून, पाती अर्धी उघडी ठेवून, गारव्याच्या जागी ठेवा आणि वर्षातून दोनतीनदा पाहत जा. ही मूठ वाचवण्याचा उपाय नाही, फक्त तिचे कुजणे लांबवता येते. नवी मूठ बसवून चाकू नवाकोरा करता येईल, परंतु ज्या मुठीवर मास्तरांचा हात फिरला ती तुम्ही काढून टाकावी, असे मी सुचवणार नाही.

पोलादी पान

रॉकेलबाबत झालेली दुरुस्ती मान्य आहे. मी फक्त पोलादाचा विचार केला होता.

सफाई अशी करा. लाकडी दातकोरणीने मुठीच्या फटीतील मळ कोरून काढा. तो बहुधा अनेक दशकांचे तेल आणि तंबाखू यांचे मिश्रण असेल. नंतर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सांध्यावर सोडून पाते सावकाश उघडा आणि मिटा. काळे पाणी येईल ते पुसत राहा. घरात सहज मिळते म्हणून खोबरेल किंवा गोडेतेल वापरू नका, कारण ती तेले कालांतराने खवट होतात, चिकट थर धरतात आणि सांधा अडतो. पात्यावरच्या लाल गंजाला तेल लावून सर्वांत बारीक, चार शून्ये असलेल्या पोलादी लोकरीने लांबीच्या दिशेने हलके घासा, आणि ठशांच्या जागेला हात लावू नका. लाल सुटून खाली करडा किंवा काळसर रंग उरला की थांबा. तो रंग वापरातून आलेला असतो, तो तसाच राहू द्यावा. चिंच, लिंबू आणि भांडी घासण्याची पावडर पितळी तांब्यासाठी ठीक आहेत, पण पोलादाला ती खातात.

पाते हलते त्याविषयी: सांध्यातील रिव्हेट दोन्ही बाजूंनी लहान हातोडीने ठोकून फुगवता येते. पण वरची मूठ जुन्या प्लॅस्टिकची असल्याने एक फटका चुकला तर ती तडकेल. रोज वापरायचा चाकू असता तर मी धोका पत्करला असता. तुमच्या चाकूचे पाते थोडे हलत राहिले तरी काही बिघडत नाही. धार लावायचीच असेल तर हजार नंबरच्या पाण्याच्या दगडावर वीस अंशांच्या कोनात हाताने लावा, फिरत्या चाकावर नको.

१९४३ या आकड्याबद्दल एक खबरदारी घ्या. ते घडणीचे वर्ष आहे, चाकू हाती पडल्याचे नव्हे. आठवी हिंदी डिव्हिजन, जिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती, सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली. चाकू आजोबांबरोबर तिथे गेला की नंतर मिळाला, हे ठशावरून सांगता येणार नाही. आजोबांचे डिस्चार्जचे कागद त्या ट्रंकेत असतील तर त्यावरील बटालियनची नोंद पाहा. पात्यावरील कारखान्याच्या नावाचा आडव्या प्रकाशातील फोटोही इथे टाका. दोनतीन अक्षरे जरी कळली तरी पुढचे शोधता येईल.

कोरेगावचा नातू

डिस्चार्ज पुस्तक सापडले आहे, पाने एकमेकांना चिकटलेली आहेत. ती घाईने उघडत नाही. रविवारी फोटो टाकतो. बफिंगचा विचार भावानेही सोडला आहे; काल तोच दातकोरणी घेऊन फटीतला मळ काढत बसला होता.