प्रतिसाद: मित्रकीटकांवरचं संशोधन सरकारी पैशातूनच का?

वर एकांनी विचारलंय की कीडनियंत्रणाचं संशोधन कंपन्या करतातच, मग त्यावर सरकारी पैसा कशाला? कंपनी विकता येईल त्यावरच खर्च करणार, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. पण मित्रकीटक, म्हणजे किडीला मारणारा कीटक, एकदा शेतात रुजला की स्वतःच वाढतो, पसरतो. त्याची बाटली दरवर्षी कोण विकत घेणार?

कसाव्याचंच बघा, म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात त्या पिकाचं. १९७०च्या दशकात पिठ्या ढेकूण ही झाडाचा रस शोषणारी दक्षिण अमेरिकेतली कीड आफ्रिकेत पोचली आणि कोट्यवधी लोकांचं मुख्य अन्न धोक्यात आलं. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधकांनी त्याचा शत्रू थेट त्याच्या मूळ प्रदेशात शोधला. १९८१ मध्ये पॅराग्वेत एक बारीकशी परजीवी गांधीलमाशी सापडली. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते, अळी त्याला आतून खाते आणि मागे उरतं भोक पडलेलं वाळकं टरफल. ती इतर उपयोगी कीटकांना त्रास देणार नाही ना, हे आधी बंदिस्त जागेत तपासलं आणि मगच नायजेरियात सोडली. तिथून ती देशोदेशी पोचली, शेतकऱ्याला एक पैसाही मोजावा लागला नाही. या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

माझा खरा आक्षेप निधीच्या मुदतीवर आहे. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात कीड नीट ओळखून होते न होते तोच पैसे संपतात, शिकलेली माणसं दुसरीकडे जातात. कीटक ओळखणारे तज्ज्ञ असे घाईत घडत नाहीत. त्यांच्या कायम जागा आधी भरा.