इंटिग्रेटरचं आउटपुट सरकत जातंय. मुळात अ‍ॅनालॉगच्या वाटेला जावं का?

तरंग: स्प्रिंग, वजन आणि अवमंदनाचं समीकरण ऑप-अँपवर (व्होल्टेज वाढवणारी चिप) सोडवायचं आहे. पहिला इंटिग्रेटर (इनपुटची वेळेनुसार बेरीज करत जाणारं सर्किट) जोडलाय: ७४१ ऑप-अँप, ±१५ व्होल्ट, १ मेगओहम, १ मायक्रोफॅरड. इनपुट ग्राउंडला असूनही आउटपुट अडीच-तीन मिनिटांत १३ व्होल्टला जाऊन अडकतं. कपॅसिटर बदलूनही फरक नाही. हे थांबेल का? की मायक्रोकंट्रोलरच बरा?

ऋणभार: कपॅसिटरचा दोष नाही. ७४१ चा बायस करंट (चिपच्या इनपुटमध्ये शिरणारा किंचित करंट) साधारण ८० नॅनोअँपियर असतो. १ मायक्रोफॅरडवर तो सेकंदाला ८० मिलिव्होल्ट चढवतो. १३ ला ०.०८ ने भागा, १६२ सेकंद येतात. त्याच जागी टीएल०७१ ऑप-अँप बसवा, पाय जुळतात आणि बायस करंट पिकोअँपियरमध्ये येतो. मग उरतो ऑफसेट (इनपुट शून्य असतानाही चिपला जाणवणारं किंचित व्होल्टेज), साधारण ३ मिलिव्होल्ट, म्हणजे सरकण्याचा वेग सेकंदाला तेवढाच. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा हवा. एक्स७आर सिरॅमिकची धारकता व्होल्टेजबरोबर बदलते.

कपॅसिटरला समांतर १० मेगओहम लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. इथे तो पाळू नका. आउटपुट १० सेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने गळेल आणि समीकरणात नसलेलं अवमंदन उत्तरात शिरेल. त्याऐवजी १०० ओहममधून कपॅसिटर रिकामा करणारा स्विच ठेवा.

फेरा: वरचं निदान बरोबर, पण सुट्या इंटिग्रेटरवरून पूर्ण सर्किटचा अंदाज बांधू नका. दोन इंटिग्रेटर आणि एक इन्व्हर्टर यांचा लूप बंद झाला की आउटपुट रेलला (पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या टोकाला) जात नाही, फक्त समतोल बिंदू हलतो: ८० नॅनोअँपियर गुणिले १ मेगओहम, म्हणजे ८० मिलिव्होल्ट. १०० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड घेतले तर तेच ८ मिलिव्होल्टवर येतं आणि आरसी (टाइम कॉन्स्टंट) १ मिलिसेकंद होतो. कंपनं साधारण १५९ हर्ट्झची. सेकंदाला २० वेळा रिसेट केलं की स्कोपवर वक्र स्थिर दिसतो, आणि अवमंदनाचा पॉट फिरवाल तसा डोळ्यांदेखत बदलतो. यासाठीच अ‍ॅनालॉग करावं! माथे कापले गेले तर सुरुवातीचं व्होल्टेज कमी करा. समीकरण रेषीय आहे, आकार तोच राहतो.

दशांश: मायक्रोकंट्रोलरवरही उत्तर आपोआप बरोबर येत नाही. साधी ऑयलर पद्धत (वेळेच्या छोट्या पायऱ्यांनी समीकरण सोडवणं), कोनीय वारंवारता १ आणि पायरी ०.०१ घेतली तर अवमंदन शून्य असतानाही आयाम दर आवर्तनाला सुमारे ३ टक्के फुगतो. आधी वेग काढून तोच नवा वेग स्थानासाठी वापरला की हे थांबतं. मात्र डिजिटलमध्ये पायरी लहान करून, शब्दलांबी वाढवून अचूकता मिळवता येते, अ‍ॅनालॉगमध्ये ०.१ टक्के अचूकतेचे भाग म्हणजे जेमतेम १० बिट.

न्यूरल नेटवर्कला बरेचदा ८ बिटही पुरतात, म्हणून अ‍ॅनालॉगकडे पुन्हा लक्ष गेलंय. फ्लॅश मेमरीच्या सेलमध्ये नेटवर्कची 'वजनं' (गुणायचे आकडे) वाहकतेच्या रूपात साठवतात. गुणाकार ओहमच्या नियमाने होतो, बेरीज तारेवर एकत्र येणाऱ्या करंटने. आकडे मेमरीतून ने-आण करण्याची वीज वाचते. पण शेवटी एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नलचे अंक करणारा भाग) लागतोच, आणि वाचलेल्या विजेतला मोठा वाटा तो खातो. उष्णतेच्या नॉइजची मर्यादा गाठल्यावर तर आणखी एका बिटासाठी नॉइज निम्मा करावा लागतो, म्हणजे कपॅसिटर चौपट आणि ऊर्जाही चौपट.