मदत हवी आहे: टेस्टरवर डिफिब पास, पेशंटवर मात्र ठिणगी

मी तालुक्याच्या एका छोट्या दवाखान्यात मशीनची देखभाल बघतो. आयसीयूत जुना मोनोफेजिक (शॉकची वीज एकाच दिशेनं सोडणारा) डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाचे बिघडलेले ठोके शॉक देऊन ताळ्यावर आणायचं मशीन आहे, हातानं छातीवर दाबायच्या पॅडलवाला. गेल्या आठवड्यात एका आजोबांना 360 जूलचा शॉक देताना डाव्या पॅडलच्या कडेला ठिणगी उडाली आणि कातडीवर चंद्रकोरीसारखा चटका उमटला. दुसऱ्या शॉकला ठोके ताळ्यावर आले, पण बोलणी मी खाल्ली. म्हणे मशीनच बिघडलंय.

उघडून पाहिलं. कपॅसिटर, केबल ठीक. टेस्टरवर (माणसाऐवजी शॉक झेलून तो मोजणारं यंत्र) तीनदा शॉक मारला, तिन्ही वेळा जूल बरोबर. मग डोक्यात आलं, टेस्टरच्या आत 50 ओहमचा ठरलेला रोध. त्याला ना घाम, ना केस. माणसाच्या छातीचा रोध साधारण 70-80 ओहम, कुणाचा त्याहून बराच जास्त. व्होल्टेज तेच राहून रोध 50 चा 100 झाला तर प्रवाह निम्म्यावर! पॅडल कातडीला कसं टेकलंय हे टेस्टर बघतच नाही.

मग ते तपासायचं कसं? पॅडलच्या पत्र्यावर वाळलेल्या जेलचे पापुद्रे आहेत, बारीक काळे खड्डेही. शिवाय सिस्टर म्हणाल्या, त्या दिवशी डिफिबचं जेल संपलं होतं म्हणून सोनोग्राफीचं लावलं. त्यानं एवढा फरक पडतो का? आजोबा अगदी हडकुळे होते.

प्रतिसाद 1
पडतो. मी भूलतज्ज्ञ आहे. सोनोग्राफीचं जेल वीज वाहून नेण्यासाठी बनवलेलं नसतं, डिफिबच्या जेलमध्ये त्यासाठी क्षार असतात. पण माझा पहिला संशय "हडकुळे" या शब्दावर. सपाट पॅडल बरगड्यांच्या उंचवट्यांवर टेकतं, मधल्या खळग्यांत हवा राहते. सगळा प्रवाह टेकलेल्या तेवढ्याच जागेतून घुसतो, चटका तिथेच बसतो. मोठ्या माणसाला प्रत्येक पॅडलवर साधारण 8 किलोचा जोर हवा. तेवढं दाबलं की जेल पसरतं, हवा निघते, रोध उतरतो. घरच्या वजनकाट्यावर पॅडल दाबून सराव करून घ्या (मशीन बंद ठेवून, हे सांगायला नकोच!). आणि जेल थापू नका. दोन पॅडलच्या मध्ये त्याचा ओघळ जुळला तर वीज कातडीवरूनच पलीकडे पळते. एरवीही छातीतून जाणाऱ्या प्रवाहातला जेमतेम 4 टक्के हृदयातून जातो, त्यातही वाटेकरी नकोत.

प्रतिसाद 2
मशीनला चालत असतील तर चिकट पॅड घ्या, पण मुदत बघून. आतलं जेल सुकलेलं पॅड पॅडलपेक्षा वाईट. आधी छाती पुसून कोरडी करा. नवी बायफेजिक (वीज आधी एका, मग उलट दिशेनं सोडणारी) मशीनं रोध मोजून शॉक जुळवून घेतात, पण हवेच्या पोकळीवर त्यांच्याकडेही औषध नाही.

धागाकर्ता
डॉक्टर, काटा आणून करून पाहिलं. रात्रपाळीच्या सिस्टरचा जोर साडेचार किलो भरला. त्या बुटक्या आणि आमची कॉट उंच, हात ताणूनच दाबावं लागतं. पायाखाली स्टूल दिलं तर काटा आठच्या वर गेला. पॅडलचे पत्रे बदलायला टाकलेत, स्टूल आजपासून कॉटखालीच.