पोटमाळ्याला इन्सुलेशन करायचंय पण भागात वाळवी आहे, काय टाकू?

माळ्यावरचा मुंजा:
मंडळी, जरा सल्ला हवाय. घराला वर पत्रा, खाली लाकडी वासे आणि रीपा, त्याखाली पोटमाळा असं आहे. उन्हाळ्यात दुपारी वर पाय ठेववत नाही आणि ती सगळी गरमी रात्री खालच्या खोल्यांत उतरते, म्हणून इन्सुलेशन करायचं ठरवलंय. घोळ असा की आमच्याकडे वाळवी बेसुमार. शेजारच्यांच्या दाराची चौकट बाहेरून ठणठणीत दिसायची, बोट दाबलं तर नुसता रंगाचा पापुद्रा, आत काहीच नाही. आता एक जण म्हणतो स्प्रे फोम मारून मोकळा हो, दुसरा ग्लासवूल म्हणतो, तिसरा म्हणतो नुसती फॉईल लाव बास. वाळवी फोम खाते का हो? आणि खात नसेल तर प्रश्नच मिटला ना?

खटपट्या:
खात नाही, पण प्रश्न मिटत पण नाही. तिला लागतं सेल्युलोज, म्हणजे लाकूड, कागद, पुठ्ठा. फोममध्ये तिच्या पोटाला काही नाही पण पोखरते मात्र बिनधास्त, थर्माकोल असो की पीयू (पॉलीयुरेथेन, स्प्रे फोम असतो तो) फोम, मऊ असतं आणि आतून जाता येतं म्हणजे कुणाला दिसत नाही, तिला तेच हवं असतं. ग्लासवूल रॉकवूल, म्हणजे काचेच्या नाहीतर दगडाच्या तंतूंच्या गाद्या, पण खाण्यातलं नाही, पण म्हणून ते वाळवीला अडवतं असं अजिबात नाही. त्यामुळे "अँटी टर्माईट इन्सुलेशन" म्हणून कोणी काही गळ्यात मारत असेल तर दोनदा विचार करा.
माझ्या मते बघायचं एवढंच की इन्सुलेशन टाकल्यावर लाकूड तपासता येणार आहे का. स्प्रे फोम वाशाला असा चिकटतो की नंतर ना टिचकी मारून आवाज ऐकता येत ना स्क्रूड्रायव्हर टोचून बघता येत. अशा छपराची गॅरंटी द्यायला बरेच पेस्ट कंट्रोलवाले सरळ नाही म्हणतात आणि त्यांचं काय चुकतं? ग्लासवूल किंवा रॉकवूलच्या गाद्या असल्या की उचला, बघा, परत ठेवा.

अर्धाइंजिनिअर:
फोमला एवढं झोडपू नका राव. क्लोज्ड सेल (आतले कप्पे बंद असलेल्या) पीयू फोमची उष्णता वाहकता साधारण 0.022 ते 0.028 W/mK (आकडा कमी तेवढी उष्णता कमी जाते), ग्लासवूलची 0.035 ते 0.04 च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच कामाला ग्लासवूल दीडपट जाड लागणार, आणि जागेअभावी दाबून कोंबलं की त्याचा उपयोग कमी होतो. जागा कमी असेल तिथे फोमच परवडतो. पण लाकडी छपराला आणि त्यात वाळवीच्या भागात मी पण नाही मारणार, हे मान्य.
तुमच्याकडे मुळात तापलेला पत्रा खाली उष्णता फेकतोय, त्यामुळे फॉईलचा फायदा होईल. फक्त चकचकीत बाजूसमोर 20-25 मिमी तरी मोकळी हवा पाहिजे, पत्र्याला चिकटवली तर पैसे पाण्यात. चकचकीत बाजू खाली ठेवा, वर ठेवली की धूळ बसते आणि काम थंडावतं. आणि पिना मारताना वायरिंग कुठून गेलंय ते आधी बघा, मेन बंद करूनच हात लावा!! ऑस्ट्रेलियात 2009-10 मध्ये सरकारी इन्सुलेशन योजनेत फॉईल लावताना शॉक बसून कामगार गेलेत, गंमत नाही.

माळ्यावरचा मुंजा:
धन्यवाद दोघांना. आत्ता टॉर्च घेऊन वर जाऊन आलो, मातीच्या नळ्या कुठेच नाहीत पण एका वाशाखाली खसखशीएवढे तपकिरी दाणे पडलेत, चिमूटभर. हे काय असतं?

सुतारपक्षी:
थांबा, इन्सुलेशन नंतर. ही कोरड्या लाकडातली वाळवी असणार. दाणे म्हणजे तिची विष्ठा, भिंगातून बघा, सहा पैलू दिसतील. पिठासारखा भुगा असता तर लाकूड पोखरणारा भुंगेरा म्हटलं असतं. जमिनीतली वाळवी असे दाणे पाडत नाही, ती मातीच्या नळ्या करत वर येते कारण तिला ओल लागते. या बयेला जमीन लागतच नाही, वाशातच घर आणि वाशातच जेवण, त्यामुळे पायाभोवती औषध सोडून हिला काही होणार नाही.
दाणे झाडून टाका, खाली गडद कागद पसरून तारीख टाका. पुन्हा पडले तर ती आत जिवंत आहे असं धरून चाला, पण जुने दाणे धक्क्याने पण गळतात, म्हणून कागद असताना त्या वाशावर ठोकाठोकी नको. जिवंत निघाली तर लाकडात भोकं पाडून औषध भरून घ्या नाहीतर तेवढा तुकडा बदला. बाकीच्या वाशांना बोरेट (पाण्यात विरघळणारं बोरॉनचं वाळवीचं औषध) मारा, पण उघड्या लाकडावरच, वॉर्निशवरून ते आत मुरत नाही. आणि गळती आधी काढा, बोरेट पाण्याने धुऊन जातं. रद्दी कागदाचं जे सेल्युलोज इन्सुलेशन मिळतं त्यात पण वाळवीविरुद्ध बोरेटच असतं, म्हणून गळक्या छपराखाली ते नकोच.
हे झालं की वर फॉईल, खाली रॉकवूलच्या सुट्या गाद्या. वळचणीपाशी हवा यायची फट मोकळी सोडा, तिथपर्यंत गादी सरकवली की ओल कोंडते.

खटपट्या:
+१. मास्क आणि फुल बाह्या घालून चढा रे, ती रॉकवूलची कुसं अंगाला लागली की रात्रभर खाजवत बसाल. कागदावर काय पडतंय ते इथे टाक.